पक्की शिवण

वहिनींच्या तोंडून दिवसाचा पहिला ‘शी!’ चहाच्या आधीच निघायचा. मागच्या खोलीचं दार उघडलं की समोर परक्या गाडीतून काढून आणलेली सीट, आणि तिच्या पाठीवर परक्याच माणसाच्या डोक्याच्या तेलाचा मेणचट डाग. आता तुम्हीच सांगा, सकाळी सकाळी असलं दर्शन झाल्यावर चहा कुणाला गोड लागेल?

पण कामच ते होतं, करणार काय! भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, जुन्या गाड्या घेऊन विकायचे. घराला लागून मोकळी जागा होती, तिथे गाड्या ओळीनं उभ्या असायच्या. इंजिनाचं मिस्त्री बघायचा, ठोकाठोक पत्रेवाला करायचा आणि चामड्याच्या सीटा निघून सरळ घरात यायच्या, वहिनींच्या मागच्या खोलीत. फाटलेल्या, भेगाळलेल्या, उन्हानं रंग उडालेल्या. तिथून बाहेर पडताना त्या अशा दिसायच्या की गिऱ्हाईक आधी सीटवरून हात फिरवायचं आणि इंजिनाचं विचारायचं विसरून जायचं. भाऊंचा अर्धा धंदा त्या हात फिरवण्यावर चालला होता, आणि भाऊ ते कबूलही करायचे. अर्थात कौतुक तोंडीच. मदतीला माणूस ठेवा म्हटलं की त्यांना एकाएकी ऐकू कमी यायचं.

लग्नाआधी वहिनी चामड्याच्या बॅगा करणाऱ्या कारखान्यात शिवणीला होत्या. तिथलं चामडं कोरं, त्याचा वास स्वच्छ. ते काम त्यांना मनापासून आवडायचं. पण कोरं चामडं कुठे आणि माणसं बसून बसून मुरलेलं चामडं कुठे! त्यातून वहिनींना जात्याच किळस फार. सख्ख्या बहिणीच्या उष्ट्या पेल्यातून पाणी प्यायचं म्हटलं तरी पोटात ढवळायचं. अशा बाईच्या नशिबी हे काम यावं, म्हणजे कमालच झाली.

सीट आली की वहिनी नाकाला फडकं बांधायच्या, हातमोजे चढवायच्या आणि पाठ अन् बैठक यांच्या मधल्या फटीत हात घालायच्या. त्या फटीत काय नसायचं? कापलेली नखं. केसांचे गुंते. च्युइंगम, दातांच्या खुणांसकट. लेकराच्या बाटलीतून सांडून आतल्या आत आंबलेलं दूध. एकदा तर चक्क माणसाचा दात निघाला. तो कुणी शोधत कसा आला नाही, हे वहिनींना शेवटपर्यंत कळलं नाही. आणि बैठकीच्या खालच्या कडेला, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे नाकातलं पुसलेलं. तेही थरावर थर. ‘मेल्यांनो, रुमाल मिळत नाहीत का बाजारात?’ वहिनी त्या न पाहिलेल्या माणसांना सुनवायच्या. ‘अंगावर इस्त्रीचे कपडे, बोलणं कसं गुळचट, आणि बसायच्या जागेखाली हे!’

मग साबणाचा फेस आणि मऊ ब्रश. काळं पाणी निथळायचं, बादलीमागून बादली. मग स्पिरिटचं फडकं, त्यानं तेलकटपणा आणि जुना रंग सुटतो. इथे कंटाळा केला की नवा रंग सालपटासारखा निघतो आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटला लागतो. मग बारीक पॉलिश पेपर. भेगा बुजवायला वाकली तरी न तडकणारी लांबी, आणि फाटलं असेल तिथे आतून कापडाचा तुकडा. रंग कुठला द्यायचा हे वरून बघून कधी ठरवायचं नाही. सीट उलटी करायची, खाली दुमडलेलं चामडं उलगडायचं, आणि जिथे ऊन नाही, घाम नाही, तिथला रंग खरा मानायचा. तो जुळवून स्पंजनं पातळ पातळ थर द्यायचे. एक वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

पुरती वाळलेली सीट ही सासूबाईंची हक्काची जागा. म्हातारी पाय लांब करून ऐसपैस बसायची, पाठ मागे टाकायचा दांडा कसा ओढायचा हेही तिला ठाऊक झालं होतं. ‘या वयात मला गाडीतून कोण फिरवणार?’ म्हणायची. ‘म्हणून गाडीच येते माझ्याकडे, तुकड्यातुकड्यानं.’

‘अहो, पण त्यावर आधी कोण कोण बसलेलं असतं, माहिती आहे का?’

‘बसली होती ना माणसंच? मग मीही बसते. तुझ्या नाकाला देवानं जरा जास्तच दिलंय.’

एवढ्या घाणीत वहिनींना सुख म्हणाल तर एकाच गोष्टीचं होतं, शिवणीचं. पुढच्या सीटची दाराकडची बाजू सगळ्यात आधी जाते. माणूस रोज तिथून घासत आत शिरतो आणि घासतच बाहेर पडतो. तिथली शिवण धड आहे अशी जुनी गाडी विरळाच. वहिनी उसवलेला दोरा काढून टाकायच्या आणि मेण लावलेल्या जाड दोऱ्यानं, वाकड्या सुईनं, दुहेरी टाका घालून नव्यानं शिवायच्या. शिवताना बडबड चालूच. गाडीला एवढं सगळं करतात आणि नेमक्या इथे असला लेचापेचा दोरा घालतात, लाज कशी वाटत नाही यांना! वहिनींची शिवण उसवली म्हणून आजवर एकही गाडी परत आली नव्हती. हे त्या आल्यागेल्याला ऐकवायच्या.

पुष्कळ गाड्यांत त्या शिवणीत एक बोटभर लेबल अडकवलेलं असायचं. आत एअरबॅग आहे, एवढंच त्यावर लिहिलेलं. वहिनींना वाटायचं, कंपनीला मिरवायची हौस, दुसरं काय! भाऊंनी सांगून ठेवलं होतं की ते लेबल कापून टाकत जा, मळकं दिसतं. मळकं म्हटल्यावर वहिनींना आणखी कारण लागायचं नाही.

अशी वर्षं गेली. मग एके दिवशी मिस्त्री एका ठोकलेल्या गाडीची सीट घेऊन आला. सीट कामातून गेली होती, पण पाठीमागचं चामडं चांगलं होतं, ठिगळांना उपयोगी पडेल म्हणून त्यानं आठवणीनं आणलेली. वहिनींनी सवयीनं नाकाला फडकं लावलं आणि सीट फिरवली. दाराकडची बाजू वरपासून खालपर्यंत उघडी पडली होती आणि आतून एक पांढरी पिशवी बाहेर लोंबत होती.

‘बघा, बघा!’ वहिनी म्हणाल्या. ‘मी म्हणते ते खोटं नाही. किती कच्चं शिवतात! एका दणक्यात सगळी उसवली.’

मिस्त्री हसला. ‘अहो वहिनी, ती उसवायलाच असते. ही पिशवी म्हणजे एअरबॅग. बाजूनं धडक बसली की इथून फुटून बाहेर येते, माणूस आणि दार यांच्या मध्ये. म्हणून या एवढ्याच शिवणीला कच्चा दोरा घालतात, मुद्दाम. या गाडीला ट्रकनं दारावर मारलं. दार पार आत आलं होतं, पण आतला माणूस खरचटण्यावर निभावला. परवा चालत आला गॅरेजात, गाडी बघायला.’

वहिनींचा हात शिवणीवर होता, तो तिथेच राहिला. ‘आणि इथे कुणी पक्कं शिवलं तर?’

‘मग कसली फुटतेय ती? आतच अडकेल, नाहीतर भलतीकडून फाटेल. माणूस गेलाच म्हणायचा. पण इथे पक्कं कोण शिवणार, वहिनी? एवढं डोकं फिरलेलं कोण असणार?’

मिस्त्री सीटा खोलायचा आणि बसवायचा, घरात नेल्यावर त्यांचं काय होतं हे त्यानं कधी निरखून पाहिलं नव्हतं. वहिनींनी त्याला चहा विचारला की नाही, हेही त्यांना आठवेना. तो गेल्यावर त्या मोरीवर गेल्या आणि हात धुऊ लागल्या. हातांना दोऱ्याच्या मेणाचा वास येत होता. रोजचाच वास, पण आज तो नाकात गेला आणि वहिनींना ओकारी आली. दुसऱ्यांच्या घाणीला नाकं मुरडण्यात जन्म गेला, आणि आता स्वतःच्याच हातांची किळस वाटत होती. काळ्या सीटा, तांबड्या, राखी, मलईसारख्या, सगळ्या एकामागून एक डोळ्यांपुढे यायला लागल्या. त्या सीटांवर आता कोणी ना कोणी बसलेलं असणार.

भाऊ जेवायला बसले तेव्हा वहिनींनी विषय काढला. ‘अहो, त्या दाराकडच्या शिवणीला कच्चाच दोरा लागतो म्हणे. आतली पिशवी तिथून बाहेर येते. मी सगळ्या पक्क्या करून बसलेय.’

भाऊंचा घास थांबला नाही. ‘मिस्त्री बोलला ना? त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.’

वहिनींनी हातातला डाव खाली ठेवला. जी गोष्ट लपवायची असते ती फोडणाऱ्याला माणूस असं म्हणतो. ‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’

‘मागे एक गॅरेजवाला म्हणाला होता. लेबल दिसलं की जाणकार माणूस शेजारची शिवण बघतो. म्हणून तर तुला ते काढायला लावलं.’

‘आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत?’

‘तुझ्यासाठीच नाही बोललो गं. तुला झोप लागली नसती.’

हे भाऊ अगदी मायेनं म्हणाले. सीटांच्या फटींतून त्यांनी काय काय उपसलं होतं, पण असलं काही हाताला लागलं नव्हतं. आणि हा माणूस वरण भुरकत होता! ओठाला लागलेलं जिभेनं चाटत होता. इतकी वर्षं एका ताटापलीकडे बसून आपण याच्याबरोबर जेवलो, या विचारानंच वहिनींना मळमळायला लागलं.

‘आजवर कुणाची तक्रार आली का?’ भाऊंनी विचारलं.

‘तक्रार करायला माणूस जिवंत तर राहायला हवा!’

‘राईचा पर्वत करू नकोस. आधी धडक बसायला हवी, तीही नेमकी त्याच बाजूनं. रोज कुणी मरत नाही. उद्या ती पांढरी गाडी जाऊ दे, मग बघू काय ते.’

सासूबाई सगळं ऐकत होत्या. ‘घास उतरतो कसा रे तुझ्या घशाखाली?’ एवढंच म्हणाल्या आणि भरल्या ताटावरून उठून गेल्या. भाऊंनी आईचं ताट जरा बाजूला सरकवलं आणि पुन्हा भात मागितला. वहिनींनी वाढला नाही.

सकाळी वहिनी दोरे कापायची कात्री घेऊन पांढऱ्या गाडीकडे गेल्या. गाडी बंद. किल्ली भाऊंच्या खिशात, आणि भाऊ अंगाला अत्तर फासून दारात उभे. ‘आज तमाशा नको,’ म्हणाले. ‘पाया पडतो.’ वहिनींना अत्तराचा वास सहन होईना. त्या दोन पावलं मागे सरल्या. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

बाप-लेक होती. मुलगी नर्स, दूरच्या इस्पितळात नवी नोकरी लागलेली, रोज एकटीनं जायचं-यायचं. बाप निवृत्त, साधा, टापटिपीचा. भाऊंनी दार उघडून दिलं, मुलगी आत बसली आणि बापानं वाकून सीटवरून हात फिरवला. ‘वा! ही तर अगदी नवी वाटते.’

‘वापरच तसा आहे हो,’ भाऊ म्हणाले. छातीवर हात ठेवून, मान थोडी कलती करून म्हणाले, ‘पोटच्या पोरीसारखी सांभाळलीय गाडी.’

भाऊंना मूल नव्हतं. आणि ज्याला होतं तो बाप हे ऐकून विरघळला. आपल्या पोरीकडे बघून हसला. पोर मागे टेकून बसली होती, दाराकडची तिची बाजू अगदी त्या शिवणीला लागून. वहिनी तरातरा पुढे गेल्या.

‘ऊठ बाळ,’ त्या म्हणाल्या. ‘जरा बाहेर ये.’

मुलगी गोंधळून उतरली. वहिनींनी कात्रीचं टोक शिवणीत घातलं. दुहेरी टाका, मेणाचा दोरा. सहज कापला जाईना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला. एकेक टाका तटातट तुटत गेला, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत ती देखणी सीट उघडी पडली. आतला फोम दिसू लागला आणि फोमच्या आड दडपून बसवलेली पिशवी.

‘अगं, काय करतेस!’ भाऊ ओरडले. मग आवाज खाली आणून बापाला म्हणाले, ‘माफ करा साहेब. हिची तब्येत बरी नसते.’

‘तब्येत ठणठणीत आहे माझी,’ वहिनी म्हणाल्या. ‘इथून ही पिशवी बाहेर येते, धडक बसली तर, म्हणून इथे कच्चा दोरा असतो. मी तो काढून पक्का घातला होता. तुमची मुलगी यात बसून गेली असती आणि कुणी दारावर ठोकलं असतं, तर ही पिशवी आतच राहिली असती. यांना ते माहीत होतं. मला कालपर्यंत नव्हतं.’

बापानं सीटवरचा हात असा मागे घेतला, जणू त्याला काही चिकटलं होतं. रुमाल काढून तळवा पुसला. आधी भाऊंकडे बघितलं, मग वहिनींकडे, आणि दोघांकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. तो भाव वहिनींच्या चांगल्या ओळखीचा होता.

मुलगी मात्र हलली नव्हती. ती बाजूच्या गाड्यांची ओळ बघत होती. ‘या सगळ्यांच्या सीटा तुम्हीच केल्यात?’

‘छे, छे,’ भाऊ म्हणाले. ‘ही एकच.’

‘सगळ्या मीच केल्यात,’ वहिनी म्हणाल्या. ‘या उभ्या आहेत त्या आत्ता कापते. सगळ्या.’

‘आणि ज्या विकल्या गेल्या त्या?’

बाप-लेक निघून गेली. भाऊ फाटक लावायला गेले ते बराच वेळ तिकडेच राहिले. वहिनी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत शिरत राहिल्या. उघड्या गाड्यांची शिवण कापली, बंद असलेल्यांची किल्ली सासूबाईंनी लेकाच्या खिशातून काढून आणून दिली.

विकलेल्या गाड्या कुणाकुणाकडे गेल्या म्हणून विचारलं, तर भाऊ म्हणाले, ‘गाडी गेली की गिऱ्हाइकाचं तोंडही मी लक्षात ठेवत नाही.’ आणि ते बहुतेक खरं असावं, कारण दुसऱ्या माणसाचं काहीच त्यांनी कधी लक्षात ठेवलं नव्हतं. मिस्त्रीला सांगताना वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोकं फिरलेली ती मीच, असं त्या म्हणाल्या तेव्हा मिस्त्रीनं खाली बघितलं. पण नंतर त्यानं ओळखीच्या सगळ्या गॅरेजांत निरोप दिला. काही गाड्या सापडल्या, त्या नीट करून घेतल्या गेल्या. मागची खोली वहिनींनी धुऊन काढली आणि बंद केली. भाऊंचं ताट आता सासूबाई वाढतात. वहिनी त्या वेळी घरात थांबत नाहीत.

त्या चौकात असतात. चार रस्ते एकत्र येतात, सिग्नलला गाड्या थांबतात, तिथे दुभाजकाच्या कडेला उभ्या राहतात. दुरूनच नजर आत टाकतात. लोकांची तोंडं त्यांच्या ध्यानात नाहीत, पण रंग सगळे पाठ आहेत, कारण एकेक त्यांनीच कालवलेला. ओळखीचा रंग दिसला की गाड्यांच्या मधून वाट काढत जातात आणि काच वाजवतात. जरा सीट बघू द्या म्हणतात. कुणी नाणं पुढे करतं. कुणी हातानंच पुढे जायला सांगतं. सिग्नल तेवढ्यात सुटतो, आणि मागचे हॉर्न वाजवून त्यांनाच शिव्या घालतात. कधी एखादी बाई गाडी कडेला घेते, उतरते, ऐकून घेते. असं फार थोड्या वेळा झालंय.

परवा एक तांबूस गाडी थांबली. आतल्या सीटा कॉफीच्या रंगाच्या. तो रंग जुळवताना वहिनींनी सबंध सकाळ घालवली होती. एक तरुण माणूस एकटाच होता, काच खाली, वाऱ्यासाठी. मागच्या सीटवर लहान मुलाची छत्री आणि एक बूट पडलेला. वहिनी जवळ गेल्या. त्याच्या खांद्याशी त्यांना ती शिवण दिसलीच.

‘दादा, तुमच्या सीटची ती बाजूची शिवण कापायला हवी,’ त्या धापा टाकत म्हणाल्या. ‘ती मी घातलीय. ती चुकीची आहे. दोन मिनिटं गाडी बाजूला घ्या.’

त्यानं त्यांच्याकडे बघितलं. विस्कटलेले केस, धुळीनं भरलेली साडी, नखांत कायमचा बसलेला रंग, हातात कात्री. त्यानं नाक वाकडं केलं, अंग पलीकडे चोरून घेतलं आणि काच वर केली. वहिनी काचेवर हात आपटत राहिल्या, ओरडत राहिल्या. गाडी सुटली. त्या थोडं अंतर धावल्या, मग दम लागला. जाताना काचेतून शिवण नीट दिसत होती. एकही टाका हलला नव्हता.